नाशिकच्या उन्हाचं वेळापत्रक

नाशिकमध्ये सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही. जूनच्या अखेरीस तो नेमक्या पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेला. हात पुढे लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली की क्षितिजावर साधारण २० अंश मोजले जातात. तशा अडीच विती सूर्य सहा महिन्यांत सरकतो. वेळही बदलते. जूनच्या सुरुवातीला सहाला पाच मिनिटं कमी असताना उजाडतं, तर जानेवारीच्या मध्यावर सात वाजून दहा मिनिटं होतात. गोदाघाटाच्या ज्या कमानीत जुलैत सकाळचं ऊन शिरतं, ती डिसेंबरात त्याच घटकेला काळोखी असू शकते. तेव्हा ‘घाटावर आता काढण्यासारखं काही उरलं नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याने घाटाचा एखादा महिनाच पाहिला आहे असं खुशाल समजावं.

फोटोग्राफरला प्रेरणा कुठून मिळते, यावर हिमालय, बनारस, नवी लेन्स, कुणा थोरामोठ्याचं प्रदर्शन अशी ठरावीक उत्तरं येतात. त्यांत खोटं काही नाही. पण रोज कामाला येणारी प्रेरणा याहून साधी आणि जास्त भरवशाची असते. आपल्याच गावातलं ऊन, पाणी आणि माणसांची कामं कोणत्या वेळापत्रकाने चालतात, हे माहीत असलं की कॅमेरा उचलायला कारण शोधावं लागत नाही. तारीखच कारण होते.

घाटापासूनच सुरुवात करू. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेला वळते. त्यामुळे पंचवटी पूर्वेच्या काठावर आणि जुनं नाशिक पश्चिमेच्या. सकाळी सूर्य पंचवटीच्या शिखरांमागून वर येतो, म्हणून जुन्या नाशकाच्या बाजूला उभं राहिलं की शिखरं, माणसं, पायऱ्या सगळं काळ्या आकृतीत दिसतं आणि पाण्यावरची वाफ उजळते. ही वाफ डिसेंबर-जानेवारीतल्या थंड सकाळी सूर्योदयानंतर फार तर अर्धा-पाऊण तास टिकते. एकदा हवा तापली की संपलं. समोरून ऊन येत असताना लेन्सवरचा स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून ठेवावा, नाहीतर चित्रात सूर्याची भुतं उमटतात. हूड लावावं आणि उजेडाचं मोजमाप आकाशाच्या उजळ भागावर घ्यावं. संध्याकाळी काम उलटं. पंचवटीकडच्या देवळांवर थेट पिवळं ऊन येतं आणि दगडाचा पोत, रंग, भगव्या पताका नीट दिसतात. सकाळी रेषा, संध्याकाळी रंग, एवढं डोक्यात असलं तरी फुकटच्या चकरा वाचतात.

आता मे महिन्याची भर दुपार, म्हणजे सगळे कॅमेरे पिशवीत जातात ती वेळ. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास आणि पुन्हा २३ जुलैच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो. मेचा हाती लागतो. माणसांच्या चेहऱ्यांसाठी हे ऊन वाईटच. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली ओठांवर पडते. पण उभ्या भिंतीवरच्या कोरीवकामाला याच्याइतकं चांगलं ऊन वर्षभरात मिळत नाही. सूर्य डोक्यावर असला की किरण भिंतीला जवळजवळ घासून खाली उतरतात. दगडावरचा केसाएवढा उठावही सावली टाकतो. सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. म्हणून पूर्वेच्या भिंती साडेअकरा ते सव्वाबारा आणि पश्चिमेच्या पाऊण ते दीड, असा हिशेब. १७४७ मधलं नारोशंकराचं देऊळ यासाठी उत्तम. (मोठमोठ्याने बोलणाऱ्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती घंटा इथलीच. फोटोग्राफरही तिचाच तेवढा फोटो काढून परततात आणि भिंती राहून जातात.) काळ्या दगडासमोर कॅमेऱ्याचं मोजमाप फसतं. तो दगड करडा समजून चित्र उजळ करतो, आणि मग दगड धुळकट, आकाश पांढरंफटक. एक्स्पोजर (चित्रात घेतलेला उजेड) दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावं; एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड. काळाराम मंदिराच्या दगडालाही हेच लागू.

देवळं बांधणाऱ्यांना हे वेळापत्रक ठाऊक होतं. १७५६ मधल्या सुंदरनारायण मंदिराची रचना अशी आहे की २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर येतात. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, हे गृहीत धरून दारं आणि गाभारा एका रेषेत आणलेला. आपल्याला गाभाऱ्याचा फोटो काढायची परवानगी नसेल, नसू दे. त्या तारखेचा अर्थ असा की पूर्व-पश्चिम जाणाऱ्या प्रत्येक गल्लीत त्या आठवड्यात ऊन टोकापासून टोकापर्यंत जातं. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या अरुंद बोळांत एरवी दिवसभर सावली असते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आगेमागे तिथे सकाळी काही मिनिटांपुरता उजेडाचा पट्टा जमिनीवर लोळतो. होकायंत्र मोबाईलमध्ये असतंच. एखाद्या दुपारी फिरून पूर्व-पश्चिम गल्ल्यांची यादी करून ठेवावी. पांडवलेण्यांचंही तसंच. दर्शनी भागावर थेट ऊन सकाळी, नंतर सावली. सावलीत खांब सपाट दिसतात, पण आतल्या दालनात दगडावरून परतलेला मऊ उजेड तेव्हाच चांगला असतो. लेण्यांत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॅमेरा बंद ठेवून बसलं तर काय काढायचं ते आपोआप दिसू लागतं.

पाण्याचं वेळापत्रक उन्हापेक्षा लहरी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की शहरात क्युसेकचे आकडे फिरतात, पण नाशिककरांचं खरं मोजमाप म्हणजे घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पुराचं प्रमाण मूर्तीच्या अंगावर वाचणारं शहर फोटोग्राफरला आयता विषय देतं: एकच जागा, एकच चौकट, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. दुसऱ्या वेळी चौकट जुळत नाही, कारण झूम किती होता ते आठवत नाही आणि आपण दोन पावलं इकडेतिकडे उभे राहिलेलो असतो. दोन पावलांनी लांबचं देऊळ हलत नाही, जवळचा दिवा मात्र जागचा निघून जातो. यावर उपाय जुना आहे. चौकटीत जवळची एक खूण आणि लांबची एक खूण एका उभ्या रेषेत आणायची. उदाहरणार्थ पुलाच्या कठड्याचा खांब आणि त्यामागे एखादा कळस. चौकटीच्या दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी धरायची. दोन्ही जोड्या जुळल्या की आपण बरोबर त्याच बिंदूवर आहोत. लेन्स झूम नसलेली, ३५ किंवा ५० मिलिमीटरची वापरावी. कॅमेऱ्याची उंची आपल्या शरीरावर ठरवावी, हनुवटी म्हणजे हनुवटी. पहिला फोटो मोबाईलवर ठेवून समोर धरला तर पुढचे सोपे जातात. पुराच्या दिवशी मात्र घाटावर उतरायचं नाही. जागा पहिल्यापासून पुलावर किंवा उंच रस्त्यावर धरावी, म्हणजे मोह होत नाही.

पुराच्या पाण्याला ‘रेशमी’ करण्याची हौस आवरावी, हे माझं स्पष्ट मत. शटर पाव सेकंद उघडं ठेवलं की पातळ धबधबा छान दिसतो. सोमेश्वरला काळ्या खडकांतून पाणी उतरतं तिथे किंवा त्र्यंबकजवळ दुगारवाडीला ते शोभतं, कारण मध्ये दगड स्थिर असतो आणि पाणी त्याच्याभोवती विरतं. गोदावरीचं गढूळ, भरलेलं पात्र त्याच वेगाने काढलं तर नुसता तपकिरी चिखल. त्याची ताकद लाटांच्या धारेत आणि भोवऱ्यांत असते, आणि ती १/५०० सेकंदालाच पकडता येते. पोलरायझर फिल्टरबद्दलही असाच घोळ. ओल्या दगडावरची चमक त्याने जाते आणि दगडाचा काळा-हिरवा रंग वर येतो, हे खरं. पण तोच फिल्टर नदीतलं देवळांचं प्रतिबिंबही पुसतो आणि वर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. आधी ठरवावं, दगड हवा की प्रतिबिंब, आणि मग फिरवावा.

पावसाळ्याची आणखी एक नड थोडक्यात. एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काच धुरकटते, कारण थंड काचेवर हवेतली वाफ बसते. हिवाळ्यात उलट, बाहेरून घरात आणताना. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून वीसेक मिनिटं जाऊ द्यावीत. बुरशीसाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक; काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नये, ते ओल धरतं.

प्रेरणेची गोष्ट निघाली की नाशिककराला दादासाहेब फाळके आठवावेतच. जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी, शेवट १९४४ मध्ये नाशिकला. चित्रपटवाला म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याआधी ते छायाचित्रकार होते: मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला स्टुडिओ चालवला, मग छपाईच्या धंद्यात शिरले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्याआधी लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी पहिल्यांदा काय काढलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला. कोंब फुटतो, वर येतो, वेल होते, असा छोटासा पट. त्याच्या जोरावर पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं राहिलं. कुंडी मुंबईतली होती, नाशकातली नव्हे, पण धडा कुठेही लागू पडतो. हाती नवं यंत्र आलं असताना त्यांनी डोंगर-दऱ्या गाठल्या नाहीत. घरातली एक कुंडी निवडली आणि वेळ हाच विषय केला.

आज ते करून पाहायला काही अवघड नाही. दर अर्ध्या तासाला एक फ्रेम म्हणजे दिवसाला ४८. दहा दिवसांत ४८०. सेकंदाला २४ फ्रेमने दाखवलं की २० सेकंदांची फिल्म. वाटाणा थंडीत पेरावा आणि मातीवर हिरवं दिसायला आठवडाभर धीर धरावा. बिघडतं ते पुढीलप्रमाणे. खिडकीचं ऊन चालू ठेवलं तर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येऊन फिल्म लुकलुकते, म्हणून जाड पडदा लावून एकच एलईडी दिवा कायम चालू ठेवावा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी), फोकस तिन्ही हाताने पक्के करावेत. दिवाही मुख्य लाईनवर असल्याने लुकलुकतो, तेव्हा शटर १/५० किंवा त्याहून संथ. पाणी घालताना कुंडी हलली की फिल्ममध्ये झाड उडी मारतं, म्हणून कुंडी बैठकीवर चिकटपट्टीने घट्ट करावी आणि पाणी लांब नळीने सोडावं. रोप दिव्याकडे वाकतं, त्यामुळे दिवा एका बाजूला असेल तर त्या बाजूला चौकटीत जागा मोकळी हवी. आणि वरचा दोन तृतीयांश भाग सुरुवातीला रिकामा सोडायचा. हा रिकामेपणा पहिले चार दिवस फार खुपतो, आणि बरेच जण तेवढ्यात कॅमेरा पुढे सरकवतात.

नाशिकची खरी खाण मात्र शहराबाहेर, दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, ओझरच्या बागांत आहे. द्राक्षाची बाग वर्षभर एकसारखी नसते, आणि तिचं पंचांग शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. एप्रिलची खरड छाटणी (काड्या तयार होण्यासाठी), ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी (फळासाठी). गोडी छाटणीनंतर दहाएक दिवसांत डोळे फुटतात, सव्वा-दीड महिन्यात फुलोरा, मग मणी धरणं, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), तीन महिन्यांच्या आसपास मण्यात पाणी उतरतं आणि चार ते साडेचार महिन्यांनी काढणी. शहरातून येणारे फोटोग्राफर फेब्रुवारीत येतात, पिकलेल्या घडांचे फोटो काढतात आणि जातात. छाटणीनंतरची उघडी बाग, मांडवाच्या तारा, काड्यांची गणितं कुणी पाहतच नाही. ती बाग शाईने काढल्यासारखी दिसते, आणि आभाळ ढगाळ असेल तर काळ्या-पांढऱ्यात तिला तोड नाही. पोंग्यातल्या, म्हणजे नुकत्या उमलणाऱ्या डोळ्यातल्या कोवळ्या पानाची कडा लालसर असते. ती समोरून ऊन येईल अशा बाजूने, म्हणजे पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये धरून काढावी.

मांडवाखालचा उजेड फसवा. पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवा असतो आणि माणसाच्या चेहऱ्यावर तो आजारी दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्स यात गोंधळतो. कधी चेहरा हिरवा ठेवतो, कधी सगळं चित्र गुलाबी करतो. पांढरा कागद किंवा करडं कार्ड त्याच उजेडात धरून बॅलन्स हाताने नेमावा आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढावा. त्याहून सोपं म्हणजे माणसाला ओळीच्या टोकाला, मोकळ्या आभाळाजवळ आणावं. उजेड परतवायला खताची रिकामी गोणी आतून उलटी केली की पांढरी बाजू मिळते. बागेत ती नेहमी हाताशी असते. भर उन्हात मांडवातून पडणारे कवडसे चेहऱ्यावर भोकं पाडतात. तेव्हा एक तर सकाळी लवकर जावं, नाहीतर कवडसे हाच विषय करून मोजमाप त्यांच्यावर घ्यावं, बाकी काळं जाऊ द्यावं.

घडाला हात लावायचा नाही. मण्यावर जी पांढुरकी भुकटी असते ती बोटाने पुसली जाते, ठसा राहतो आणि निर्यातीच्या मालात तो चालत नाही. ही भुकटी फ्लॅशने मरते, बाजूच्या उजेडात खुलते. फवारणीच्या दिवशी बागेत जाऊ नये, आणि परवानगी विचारताना ‘आज काय मारलंय?’ हा प्रश्न आधी विचारावा. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारणीनंतर पानांवर निळसर थर बसतो. त्या रंगाची चौकट दुसरीकडे कुठे मिळणार? आणि थंडी उतरली, निफाडचा पारा पेपरात आला, की मणी तडकू नयेत म्हणून काही शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. धूर मांडवाखाली साचतो, ओळीच्या टोकाकडून उजेड येतो. ही माहिती कुठल्या प्रदर्शनात मिळत नाही, हवामानाच्या बातमीत आणि शेतकऱ्याच्या फोनवर मिळते.

प्रेरणेसाठी दुसऱ्या कलांकडे बघावं असं सांगतात, ते बरोबर. फक्त कुठे बघायचं ते सांगत नाहीत. येवल्याची पैठणी घ्या. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवल्यावर रंग बदलतो. विणकर याला धूपछाव म्हणतात. दोन रंग न मिसळता शेजारी ठेवले तर डोळा तिसरा रंग करतो, हे तिथे धाग्यात दिसतं. ते पाहिल्यावर बुधवारच्या बाजारात भाजीवालीच्या जांभळ्या लुगड्याशेजारी हिरव्या मिरचीचा ढीग कसा ठेवायचा, म्हणजे आपण कुठे उभं राहायचं, ते कळतं. पैठणीचा फोटो काढताना मात्र जरीशी गाठ असते. समोरून उजेड टाकला की जर पांढरी पडते. दिवा बाजूला, कापडाच्या पातळीपासून जेमतेम वर, आणि समोर पांढरा पुठ्ठा. मग जरीत तो पांढरा पुठ्ठा दिसतो आणि तीच तिची झळाळी. पोलरायझर इथे कुचकामी, कारण धातूवरची चमक त्याने जात नाही. तांबट आळीतल्या घंगाळ-हंड्यांनाही तोच नियम. तिथे ठोक्याचं काम चालू असताना १/५०० ला हातोडा हवेत गोठतो आणि चित्र निर्जीव होतं. १/३० ला हात पुसट, भांडं ठाम. पहिल्या काही ठोक्यांत कान ताल पकडतो, आणि मग ठोका पडायच्या क्षणी शटर दाबायला डोळ्यांची गरज राहत नाही.

एकाच प्रकारची गोष्ट पुन्हा पुन्हा काढणं यातही मोठी ताकद आहे. जर्मनीतल्या बेर्न्ड आणि हिला बेखर या फोटोग्राफर जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे असेच काढले: ढगाळ आभाळ, समोरासमोर, माणूस नाही, मग डझनभर चित्रं एका चौकोनात शेजारी शेजारी. एकटी टाकी कंटाळवाणी, बारा टाक्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचा स्वभाव दिसतो. लासलगाव-निफाड पट्ट्यातली कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, यासाठी जणू वाट पाहत उभी आहे. कुठे बांबू, कुठे लाकडी पट्ट्या, कुठे लोखंडी जाळी, वर पत्रा किंवा उसाचं पाचट. काम एकच, कांद्याला वारा लागला पाहिजे. प्रत्येकाने ते आपापल्या ऐपतीने सोडवलेलं. नियम कडक ठेवावेत: ५० मिलिमीटर, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), क्षितिज चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात, चाळीची लांब बाजू अगदी समोर, सावल्या नकोत. जून-जुलैतला ढगाळ, न पावसाचा दिवस उत्तम. तेव्हा चाळीत उन्हाळी कांदा भरलेला असतो. कॅमेरा किंचित वर उचलला की उभ्या रेषा आत झुकतात, म्हणून उंची कमी पडली तर मागे जावं आणि नंतर खालची जमीन कापावी. पाच-सहा चाळींनंतर उबग येतो, हे धरूनच चालावं. साधारण पंधराव्याच्या पुढे भेद दिसू लागतात.

घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुदेक आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, थेंब, मागचं वाकडं झाड. ऑगस्टमध्ये नाशकातल्या कुठल्याही खिडकीला एवढं भांडवल असतंच. फोकस थेंबावर ठेवला तर मागचा परिसर रंग होतो, मागे ठेवला तर थेंब उजेडाचे गोळे होतात. एफ २.८ आणि एफ ११ ला दोन वेगळी चित्रं निघतात.

मोबाईलवर दिवसाला शेकडो फोटो सरकवणं मात्र प्रेरणा नव्हे. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या खालून वर, गंगापूरच्या बॅकवॉटरला मावळता सूर्य, हे फोटो डोक्यात आधीच छापलेले असतात आणि आपण तिथे जाऊन त्यांची नक्कल पडताळतो. त्यापेक्षा एक चांगला फोटो घ्यावा आणि दहा मिनिटं त्याच्यासमोर बसावं. उजेड कुठून येतो, किती दिवे किंवा खिडक्या आहेत, कॅमेरा किती उंचीवर, चौकटीच्या चार कडांवर काय आहे, फोटोग्राफरने काय बाहेर ठेवलं, हे कागदावर लिहावं. जमलं तर पेन्सिलीने त्याचा ढोबळ आराखडा काढावा. चित्र काढता येत नसलं तरी. हाताला कळतं ते डोळ्याला कळलेलं नसतं.

गर्दीतल्या फोटोंचं वेगळं. नाशिकची रंगपंचमी रहाडींची, म्हणजे रंगाने भरलेल्या जमिनीतल्या हौदांची. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि पोरं त्यांत धप्पे (उड्या) मारतात. सगळे कॅमेरे उडी मारणाऱ्यावर रोखलेले. उडी १/१००० ला मिळते, ते कौशल्य नाही. काठावर अंग चोरून उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यांवर, वरच्या गॅलरीतल्या आज्यांवर, रंग पडण्याआधी आवळलेल्या डोळ्यांवर लक्ष ठेवलं तर तो फोटो दुसऱ्या कुणाकडे नसतो. कॅमेऱ्याला पावसाळी आवरण, लेन्सवर जुना फिल्टर, आणि लेन्स गर्दीत बदलायची नाही. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया चालू असते. तिथे कॅमेरा खाली. कुणी हरकत घेत नाही म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकला कुशावर्तावर. त्या दिवसांत उभं राहायला जागा मिळणार नाही आणि सूर्य कुठून येतो हे बघायला वेळ नसेल. शाही स्नानांच्या तारखांना, आदल्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी घाट पाहून ठेवता येतो. ढग असतील, पाणी वाढलेलं असेल, हेही तेव्हाच कळतं. पाहणीचे फोटो पोस्टकार्डाएवढ्या आकारात छापून घ्यावेत, जमिनीवर पसरावेत आणि मागे तारीख, वेळ, उभं राहण्याची जागा आणि उजेडाची दिशा लिहावी. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. फोटोच्या प्लास्टिकच्या थराच्या कागदावर साधी पेन्सिलही नीट उठत नाही. बारीक टोकाचा, लवकर वाळणारा मार्कर घ्यावा, आणि शाई पुरती वाळेपर्यंत फोटो एकमेकांवर रचू नयेत.